जंताची गोळी, सिरप आणि लोण्याचा गोळा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीच्या औषधाचा नाहीये. मी बरीच वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी असते आणि जंताच्या औषधाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "गोळी देताय की पातळ, आणि जास्त लागू काय पडतं?" माझं उत्तर कित्येक वर्षं एकच होतं, लहान असेल तर पातळ, मोठं असेल तर गोळी, दोन्हीत औषध तेच. शेवटचं वाक्य खरंच आहे, पण त्यात अर्धीच गोष्ट येते हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही घरातल्याच माणसावर वेळ आली तेव्हा.

माझ्या धाकट्या भावाला अचानक फिट आली. आधी कधीच नाही, डोकेदुखी सोडली तर काही त्रास नाही. एमआरआयमध्ये मेंदूत सिस्ट दिसला, टेपवर्मच्या अळीचा, त्याला न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणतात. हे डुकराचं मांस खाऊन होतं असं सगळ्यांना वाटतं पण मेंदूतला सिस्ट होतो तो किड्याची अंडी पोटात गेल्यामुळे, म्हणजे ज्याच्या पोटात किडा आहे अशा कुणाच्या न धुतलेल्या हातातून किंवा पाण्यातून, त्यामुळे आयुष्यभर मांसाला हात न लावलेल्या माणसालाही होऊ शकतो. असो. डॉक्टरांनी फिटचं औषध दिलं, स्टिरॉइड चालू केलं आणि त्यावर जंताचं औषध अल्बेन्डाझोल, ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, पूर्ण कोर्स.

चौथ्या दिवशी मी सहज विचारलं, गोळी कशी घेतोस रे? तर म्हणाला, "ताई, सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पाण्याबरोबर. जंताची गोळी अशीच घेतात ना?" आणि मी गप्प. कारण लहानपणी त्याला तशी मीच दिलेली. सांगायचं कुणी हा वाद घालून उपयोग नाही, डॉक्टरांना वाटलं फार्मासिस्ट सांगेल, आणि फार्मासिस्ट तर घरातच बसलेली.

त्या रात्री मी लीफलेट काढून शांतपणे वाचलं, जे आम्ही काउंटरवरचे लोक फार क्वचित वाचतो. अल्बेन्डाझोल उपाशीपोटी घेतलं तर तोंडावाटे गेलेल्या औषधातलं जेमतेम ५ टक्क्यांपेक्षा कमी शरीरात शिरतं. बाकीचं आतड्यातून सरळ खाली. आणि तीच गोळी भरपूर चरबीच्या जेवणाबरोबर, म्हणजे साधारण ४० ग्रॅम फॅट, घेतली तर रक्तातलं प्रमाण ५ पटीपर्यंत वाढतं. गोळी तीच, स्ट्रिप तीच, बॅच तीच. आता सांगा मी त्या गोळीला स्टार किती देऊ? उपाशीपोटी एक, लोण्याबरोबर चार.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं, म्हणून थोडं थांबते इथे. अल्बेन्डाझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पोटातल्या आम्लात थोडंफार विरघळतं, पण पुढे लहान आतड्यात आम्ल संपलं की जे विरघळलेलं तेही परत बाहेर पडायला लागतं. आणि आतड्याची भिंत फक्त विरघळलेलं औषध आत घेते, गोळीचा चुरा कितीही बारीक असला तरी चुरा तो चुराच. चरबी खाल्ली की पित्त सुटतं, पित्त आणि चरबी मिळून साबणासारखं काम करतात आणि औषधाला त्यात विरघळायला जागा मिळते, शिवाय पोट हळूहळू रिकामं होतं म्हणून वेळही जास्त मिळतो. आत गेल्यावर लिव्हर त्याचं लगेच अल्बेन्डाझोल सल्फॉक्साइड करून टाकतं आणि किड्यावर खरं काम तेच करतं. म्हणून कुठल्याही फॉर्म्युलेशनच्या, म्हणजे औषध ज्या रूपात बनवलंय त्याच्या, जाहिरातीत "जास्त ऍब्सॉर्ब होतं" लिहिलेलं दिसलं तर बघायचं की मोजलंय काय, रक्तातलं सल्फॉक्साइड की काचेच्या भांड्यात विरघळलेली पावडर. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता मूळ प्रश्न, च्युएबल, गिळायची की पातळ. चघळायची गोळी दातांनी फोडली जाते म्हणजे पोटात गोळी फुटण्याची पायरी वाचते, पण अल्बेन्डाझोलचं घोडं अडतं ते फुटण्यात नाही, विरघळण्यात. त्यामुळे चघळली म्हणून रक्तात दुप्पट गेलं असली काही जादू नाही. कोटिंगवाली साधी गोळीसुद्धा गिळता येत नसेल तर कुस्करून किंवा चावून पाण्याबरोबर घेतलेली चालते. च्युएबलचा खरा फायदा वेगळाच आहे, लहान मुलाच्या घशात अख्खी गोळी अडकू नये. जंतनाशक मोहिमांमध्ये रडत्या मुलाचं नाक दाबून गोळी कोंबू नका, लहानांना कुस्करून पाण्यातून द्या असं जागतिक आरोग्य संघटना मुद्दाम सांगते ते याच कारणानं. सोयीला पाच स्टार, ऍब्सॉर्बशनसाठी वेगळा काही मार्क नाही.

पातळ औषधाबद्दल तर लोकांचा इतका गोड गैरसमज आहे की बस. पातळ म्हणजे विरघळलेलं असं वाटतं ना? तसं नसतं. बाटलीवर सस्पेन्शन लिहिलेलं असेल तर ते औषध विरघळलेलं नाहीच, बारीक कण पाण्यात तरंगतायत एवढंच, आणि बाटली ठेवून दिली की तळाशी बसतात. न हलवता दिली तर आधी गोड पाणी आणि शेवटी चिखल. अर्धी बाटली एका भावंडाला आणि अर्धी दुसऱ्याला देणाऱ्या आया मी पाहिल्यात, न हलवता, म्हणजे एकाला नुसती चव आणि दुसऱ्याला दोघांचं औषध. सिरप, सोल्युशन (म्हणजे द्रावण, औषध पूर्ण विरघळलेलं) आणि सस्पेन्शन या तिन्हीला आपण सरसकट सिरपच म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकात हे फार छान दिसतं. हे औषध आलं मातीतल्या एका जीवाणूपासून, सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते यासाठीच. १९८८ मध्ये निरोगी माणसांना तेच औषध, १२ मिग्रॅच, गोळी, कॅप्सूल आणि द्रावण अशा तीन रूपांत देऊन बघितलं होतं. गोळी आणि कॅप्सूल साधारण बरोबरीत, पण द्रावणातून रक्तात जवळपास दुप्पट. कारण सरळ आहे, द्रावणात औषध अल्कोहोलमध्ये आधीच विरघळलेलं होतं, पोटाला ती मेहनतच नव्हती. म्हणजे इथे खरंखुरं सोल्युशन जिंकलं.

आणि खाण्याचा प्रश्न इथेही आहेच, उलट जास्त गमतीदार. गोळीच्या लीफलेटवर लिहिलेलं असतं उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या. त्याच लीफलेटमध्ये पुढे असतं की ३० मिग्रॅ डोस भरपूर चरबीच्या जेवणानंतर दिला तेव्हा रक्तातलं प्रमाण साधारण अडीच पट झालं. मग खरजेसाठी अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते की जेवणाबरोबर घ्या, कारण औषध कातडीत पोहोचायला हवं. एकच गोळी, एक कागद म्हणतो उपाशी, दुसरा म्हणतो जेवून. मला आधी वाटलं कुणीतरी चुकतंय, पण नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. सुरुवातीच्या अभ्यासांमध्ये रिकाम्या पोटी दिलं, परिणाम आणि सुरक्षितता त्याच पद्धतीनं तपासली, म्हणून लीफलेटवर ते आलं. खरूज मात्र कातडीत असते, तिथे जास्त पोहोचलेलं हवं असतं. म्हणून कुणी विचारलं की जेवणाआधी की नंतर, तर मी आता उलट विचारते, कशासाठी दिलंय? आणि चिठ्ठीवर डॉक्टरांनी जे लिहिलंय तेच करायला सांगते, स्वतःच्या मनानं अडीच पट करू नका बाबांनो.

यावरून आठवलं, घोड्यांना द्यायची आयव्हरमेक्टिनची पेस्ट. कोविडच्या काळात लोकांनी ती पण खाऊन बघितली आणि अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेला, खास सांगावं लागलं की नका खाऊ. ती १.८७ टक्क्यांची असते आणि एक ट्यूब पाचशे किलोच्या पुढच्या जनावराच्या हिशोबानं भरलेली. माणसाचा डोस किलोमागे २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतो. पेस्ट माणसाच्या पोटातून किती शोषली जाते याचा हिशोब त्या ट्यूबवर नसतो आणि असायचं कारणही नाही. शून्य स्टार, रिव्ह्यू संपला.

आता ज्यांना वाटेल की मग द्रव नेहमीच भारी, त्यांच्यासाठी नायटाझोक्झानाइड. जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होणाऱ्या जुलाबासाठी देतात. याची गोळी आहे आणि सस्पेन्शनही आहे, आणि त्याच्या लीफलेटवरच स्पष्ट लिहिलंय की दोन्ही सारखे नाहीत, सस्पेन्शनमधून गोळीच्या तुलनेत ७० टक्केच रक्तात जातं. इथे पातळ हरलं! म्हणजे गोळी मिळाली नाही म्हणून तेवढ्याच मिलिग्रॅमचं पातळ उचलून दिलं तर हिशोब जुळत नाही. आणि याच्या बरोबर उलट अ‍ॅटोव्हाक्वोन. हे जंताचं नाही पण परजीवींवरच चालतं, मलेरियात एका जोडऔषधात असतं. एकट्या अ‍ॅटोव्हाक्वोनची गोळी आधी आली होती, मग सस्पेन्शन आलं आणि त्यानं गोळीला बाजूला सारलं, कारण जेवणाबरोबर घेऊनही गोळीतून साधारण २३ टक्के शरीरात जायचं आणि सस्पेन्शनमधून ४७. दोन्ही सस्पेन्शनच, मग एक हरलं आणि एक जिंकलं कसं? अ‍ॅटोव्हाक्वोनच्या बाबतीत फरक पाडला तो कणांच्या आकारानं. सस्पेन्शनमध्ये औषध अगदी सूक्ष्म दळलेलं आहे, कण जितका लहान तितका पृष्ठभाग जास्त आणि तितकं लवकर विरघळतं. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा. म्हणजे पातळ की घट्ट हा प्रश्नच मुळात फारसा कामाचा नाही, औषध आत कुठल्या अवस्थेत आहे ते बघायचं.

ही अवस्था म्हटलं की मेबेन्डाझोल या जंताच्या औषधाचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही, माझा आवडता किस्सा आहे हा. मेबेन्डाझोलचे स्फटिक तीन प्रकारचे असतात, ए, बी आणि सी. रासायनिक दृष्ट्या एकच पदार्थ, फक्त रेणू एकमेकांवर रचण्याची पद्धत वेगळी. बी सगळ्यात जास्त विरघळतो, ए सगळ्यात कमी, सी मधला, आणि औषधासाठी पसंती सी ला. ए प्रकारच्या स्फटिकांची गोळी दिली तर किड्यांवर परिणाम जवळपास नुसत्या बिनऔषधाच्या गोळीइतकाच. रंग तोच, वजन तेच, १०० टक्के शुद्ध मेबेन्डाझोल, आणि तरी काम नाही. आणि यातली खरी मजा अशी की मेबेन्डाझोलला आतड्यातल्या जंतांसाठी रक्तात जायची गरजच नसते! किडा आतड्यातच बसलाय. पण किड्याच्या अंगात शिरायला तरी औषध विरघळायला हवं ना, ए तेवढंही विरघळत नाही. आपल्याला न लागणारं औषध किड्याला लागायला हवं, आणि त्यासाठीही स्फटिक नीट हवा.

इथेच मला वाटतं बहुतेक लोकांची, आणि खरं सांगायचं तर माझीही, गफलत होते. "जास्त शोषलं जाणारं म्हणजे चांगलं" हे डोक्यात इतकं बसलंय. पायरँटेल पामोएट घ्या, ते मुद्दाम अशा क्षाराच्या रूपात आहे की फारसं शोषलं जाऊ नये, आतड्यातच राहावं आणि किड्याला लुळं करून खाली ढकलावं. त्याला कुणी "फक्त थोडंसंच ऍब्सॉर्ब होतं" म्हणून एक स्टार दिला तर ते छत्रीला पाणी आत येत नाही म्हणून नावं ठेवण्यासारखं आहे. शाळेतल्या मुलांना ४०० मिग्रॅ अल्बेन्डाझोल एकदाच देतात तेव्हाही किडा आतड्यात आहे, ५ टक्के की २५ टक्के याला तिथे फार किंमत नाही. माझ्या भावाचा किडा मात्र मेंदूत होता, रक्तातून जाऊन पोहोचल्याशिवाय त्याला हात लागणार नाही, आणि तो मात्र चार दिवस मुलांसारखा उपाशीपोटी गोळी घेत बसला होता.

प्राझिक्वान्टेल या आणखी एका किडेमार औषधाबद्दल थोडक्यात, कारण मी ते काउंटरवर फार कमी दिलंय. आतड्यातून हे भरपूर शोषलं जातं, पण लिव्हर पहिल्याच फेरीत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं, म्हणजे दारातून आत आलं आणि अंगणातच अडवलं. अन्नानं याचंही प्रमाण वाढतं पण इथे चरबीपेक्षा पिष्टमय जेवणानं जास्त वाढलेलं दिसलंय, म्हणजे लोण्याचा नियम सगळीकडे चालवू नका. गोळी मोठी आणि कडू जहर. कडूपणा बराचसा औषधाच्या ज्या अर्ध्या भागाचा काही उपयोग नाही त्यातून येतो, म्हणून तो अर्धा काढून टाकून लहान मुलांसाठी १५० मिग्रॅची पाण्यात विरणारी गोळी केली, आर्प्राझिक्वान्टेल, २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिली. चवीसाठी फॉर्म्युलेशन बदलणं हे मला ऍब्सॉर्बशनइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण मुलानं थुंकून टाकलेली गोळी शून्य टक्के शोषली जाते.

भावाच्या प्रकरणात अजून एक गाठ निघाली. स्टिरॉइड, म्हणजे डेक्सामेथासोन, बरोबर असेल तर अल्बेन्डाझोल सल्फॉक्साइडचं रक्तातलं प्रमाण वाढतं, साधारण ५० टक्क्यांच्या वर. तेच स्टिरॉइड प्राझिक्वान्टेलचं प्रमाण मात्र कमी करतं. आणि फिटची काही जुनी औषधं, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ही दोन्ही किडेमार औषधांना रक्तातून लवकर साफ करतात. म्हणजे गोळीचं फॉर्म्युलेशन कितीही देखणं असलं तरी शेजारच्या स्ट्रिपमध्ये काय आहे त्यावर अर्धा खेळ. मी भावाची सगळी औषधं एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेली, त्यांनी शांतपणे पाहिली, जेवणाबरोबर घ्या म्हणाले आणि स्वतःहून म्हणाले की हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. मला ते आवडलं.

"हा ब्रँड जास्त पॉवरफुल आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जेनेरिक गोळी मूळ गोळीच्या बरोबरीची ठरवताना रक्तातल्या प्रमाणाचं गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावं लागतं, आणि नुसती सरासरी नाही तर तिच्याभोवतीची अनिश्चितताही पूर्णच्या पूर्ण त्या चौकटीत बसावी लागते. त्यामुळे "जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असतं" हे जे पसरवतात ते साफ चूक. आणि ब्रँड बदलून जो काही थोडाफार फरक पडेल त्याच्यापुढे उपाशी आणि जेवून यातला पाच पटींचा फरक बघा, म्हणजे कशावर डोकं शिणवायचं ते कळेल. सायक्लोडेक्स्ट्रिन, लायपोसोम (दोन्ही औषध आत धरून नेणारे), तेलातलं इमल्शन असे अल्बेन्डाझोल जास्त शोषलं जावं म्हणून कितीतरी प्रयोग झालेत, काहींनी आकडे चांगले वाढवलेत, पण मी काउंटरवर रोज देते ती अजून जुनीच साधी गोळी.

बरं, जास्त शोषलं म्हणजे नुसता फायदाच असंही नाही. लांबच्या कोर्समध्ये लिव्हर आणि रक्तपेशी दोन्हीवर ताण येऊ शकतो, म्हणून दर दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं असतं, गरोदरपणात हे टाळतात, आणि मेंदूतला किडा मरायला लागला की सूज येते म्हणून स्टिरॉइड आधी चालू असतं. हे सगळं वाचून कुणी घरच्या घरी लोण्याबरोबर गोळ्यांचा कोर्स सुरू करू नका, प्लीज.

पाचव्या दिवसापासून भावाची गोळी आम्ही भरपूर चरबीच्या जेवणाबरोबर दिली, अंडी, लोणी, पूर्ण साईचं दूध, सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस पूर्ण होईपर्यंत, आणि मी कागदावर ग्रॅम मोजत होते. दोन्ही वेळचे रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. पुढच्या एमआरआयमध्ये सिस्ट आक्रसलेला दिसला, त्यातलं किती लोण्यामुळे आणि किती असंही झालं असतं हे एका माणसावरून सांगता येत नाही. तो मात्र आता अंडं बघितलं की तोंड फिरवतो आणि लोण्याचा डबा टेबलावर आला की उठून दुसऱ्या खोलीत जाऊन जेवतो.